एकाच पावसाची तीन तऱ्हेची ओल : सिमरोलजवळच्या उताराच्या शेताविषयी

आपण इंदूरजवळच्या सिमरोल गावालगतच्या शेताविषयी विचारलेला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. आपले शेत एकाच उतारावर आहे. वरचा पट्टा मुरमाड आहे, मधल्या पट्ट्यात पूर्वी गोठा आणि उकिरडा होता आणि नाल्याकडचा खालचा पट्टा खोल काळ्या मातीचा आहे. तिन्ही ठिकाणी आपण १५ सेंटिमीटर खोलीवर ओलाव्याचे, म्हणजे मातीच्या घनफळात किती टक्के पाणी आहे ते दाखवणारे, सेन्सर बसवले आणि खालच्या पट्ट्यात आणखी एक ४५ सेंटिमीटरवर बसवला. वर्षभरात आपल्याला तीन गोष्टी विचित्र दिसल्या. जूनअखेरच्या सुमारे ६० मिलिमीटरच्या पहिल्या मोठ्या पावसात खालच्या पट्ट्यातला ४५ सेंटिमीटरवरचा सेन्सर त्याच संध्याकाळी ओला झाला, पण त्याच्या वरचा १५ सेंटिमीटरवरचा जेमतेम हलला. ऑगस्टमध्ये खालच्या पट्ट्याचा आकडा तीन आठवडे ४६ टक्क्यांच्या आसपास अडून राहिला आणि सोयाबीन पिवळे पडले, तर वरच्या पट्ट्याचा आकडा प्रत्येक पावसानंतर दोन दिवसांत २४ वर येत होता. जानेवारीत खाली २७ टक्के आणि वर १५ टक्के दिसले म्हणून आपण फक्त वरच्या पट्ट्याला तुषार सिंचनाने पाणी दिले आणि दुपारी पाने वळलेला गहू मात्र खालच्या पट्ट्यात सापडला. यंत्र बिघडले आहे की माती, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते दोन्ही ठीक आहेत. खरा प्रश्न असा आहे की तीन वेगवेगळ्या मातींचे टक्के आपण एकाच मापाने वाचत आहात, आणि कोणत्या जमिनीत ओल जास्त टिकते याचे उत्तर वर्षभर एकच असेल असे गृहीत धरत आहात. मातीचे गुणधर्म पुष्कळ आहेत: पोत (कण किती बारीक किंवा जाड), घडण (ते कण आणि त्यांच्यातली छिद्रे कशी रचली आहेत), खोली, खालचा थर, सेंद्रिय कर्ब, क्षार. यांतला कोणताही एक वर्षभर राज्य करत नाही. पहिल्या पावसात एकाचे चालते, भर पावसाळ्यात दुसऱ्याचे, आणि हिवाळ्यात तिसऱ्याचे. आपल्या तीन विचित्र गोष्टी या तीन वेगवेगळ्या राजवटींतल्या आहेत, म्हणून त्या एका स्पष्टीकरणात बसत नाहीत.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी आपले शेत पाहिलेले नाही. माळव्याच्या पठाराच्या या दक्षिण काठावर, जिथून जमीन नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरू लागते, तिथे पन्नास पावलांत माती बदलते. खाली दिलेले मर्यादांचे आकडे या पट्ट्यातल्या अशा मातींत साधारणपणे मिळणारे आहेत, आपल्या मातीचे मोजलेले नाहीत. आपल्या खालच्या पट्ट्यात सोडियम जास्त असेल, वरच्या पट्ट्यात दगडगोटे माझ्या अंदाजापेक्षा अधिक असतील किंवा सेन्सर बसवताना भोवती पोकळी राहिली असेल, तर आकडे सरकतील. तर्काची दिशा मात्र बहुधा तीच राहील.

जानेवारीचे कोडे आधी सोडवू, कारण त्यातच मापाचा घोटाळा आहे. कोणत्याही मातीला ओलाव्याच्या दोन मर्यादा असतात. भरपूर पावसानंतर जादा पाणी निचरून गेले की माती गुरुत्वाकर्षणाला न जुमानता जेवढे पाणी धरून ठेवते ती वरची मर्यादा, आणि जिथे मुळांना पाणी ओढणे अशक्य होऊन पीक कायमचे कोमेजते ती खालची मर्यादा. प्रयोगशाळेत वरची मर्यादा साधारण ३३ किलोपास्कल ओढीला आणि खालची १५०० किलोपास्कल ओढीला मोजतात. माती पाणी किती जोराने धरून बसली आहे ते ही ओढ सांगते, आणि पिकाला टक्का कळत नाही, ओढ कळते. काळ्या मातीतले चिकण कण इतके बारीक असतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग इतका प्रचंड असतो की बरेचसे पाणी कणांना चिकटूनच राहते. ते सेन्सरला दिसते, ओव्हनमध्ये वाळवले तर वजनातही सापडते, पण गव्हाला मिळत नाही. बँकेच्या खात्यातल्या किमान शिलकीसारखे ते पाणी आहे. पासबुकात आकडा असतो, पण काढता येत नाही.

आता आकडे लावून पाहू. खोल काळ्या मातीची वरची मर्यादा ४२ टक्के आणि खालची २५ टक्के धरा. वापरता येण्याजोगा ओलावा १७ टक्के झाला. मुरमाड पोयट्याची वरची मर्यादा २४ आणि खालची ११ धरा, म्हणजे वापरता येण्याजोगा ओलावा १३ टक्के. जानेवारीत खालच्या पट्ट्यात २७ टक्के होते, म्हणजे १७ पैकी फक्त २ शिल्लक. वरच्या पट्ट्यात १५ टक्के होते, म्हणजे १३ पैकी ४ शिल्लक. पाण्याची गरज दोन्हीकडे होती, पण त्या थरापुरते पाहिले तर खालचा पट्टा अधिक तहानलेला होता. आपण मोठा आकडा पाहून त्याला ओला समजलात. सेन्सर विकणारे बहुतेकदा मोबाइलवर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे देतात आणि ते सगळ्या मातींना सारखेच लावलेले असतात. माझ्या पाहण्यात या एका कारणाने जितके पाणी चुकीच्या ठिकाणी गेले आहे तितके सेन्सर बिघडल्याने गेलेले नाही.

आता आपण रास्तपणे विचाराल की खालच्या पट्ट्यात ४५ सेंटिमीटरवरचा सेन्सर तर त्याच दिवशी ३८ टक्के दाखवत होता, मग गव्हाने ते पाणी का घेतले नाही? आपल्या प्रश्नातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला तपशील हाच आहे. खालच्या पट्ट्यात वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, ज्याला आपल्याकडचे गडी बतर म्हणतात, उशिरा आला असणार आणि गहू वरच्या पट्ट्यापेक्षा उशिरा पेरला गेला असणार. शिवाय काळी माती ओलसर असताना ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर फिरला की नांगराच्या खोलीखाली एक दाबलेला थर तयार होतो. पिकाने कोवळ्या वयात वर भरपूर ओल पाहिली, त्यामुळे मुळांना खाली जाण्याची निकड नव्हती, आणि पुढे वरची माती वाळली तेव्हा खालचा दाबलेला थर कठीण होऊन बसला होता. ओल अर्ध्या हातावर होती, पण मुळे तिथवर पोहोचली नव्हती.

ती ओल आपोआप वर का चढली नाही, हाही प्रश्न अनेकांना पडतो. माती ओली असते तेव्हा पाणी मोठ्या छिद्रांतून वाहते. ती वाळू लागली की आधी मोठी छिद्रे रिकामी होतात आणि पाण्याला कणांभोवतीच्या पातळ थरांतून वाट काढावी लागते. त्यामुळे माती थोडी वाळली तरी तिची पाणी वाहून नेण्याची क्षमता शेकडो पटींनी घटू शकते. वरचा वाळलेला थर एका अर्थी झाकण होतो, आणि म्हणूनच काळ्या मातीत खालची ओल महिनोन्‌महिने टिकते. सोयाबीन १९७० च्या दशकापासून पसरण्याआधी माळव्यात खोल काळी जमीन पावसाळाभर पडीक ठेवून, वखरून, रब्बीत केवळ साठलेल्या ओलीवर गहू आणि हरभरा घेत असत, ती पद्धत याच गुणधर्मावर उभी होती. देशी गव्हाची मुळे खोल जात आणि मुदतीत पेरणी होई, म्हणून ती साठवण कामी येई.

या अंदाजाची खात्री करायची असेल तर खालच्या पट्ट्यात गुडघाभर खोल, एक सरळ भिंत असलेला खड्डा घ्या आणि ती भिंत उजेडात पाहा. वरची वीतभर माती ढेकळांची, फिकट आणि हाताला टणक लागेल. तिच्या खाली बोटभर किंवा चार बोटे जाडीचा, आडव्या पापुद्र्यांत सुटणारा थर दिसला तर तो दाबलेला थर आहे. गव्हाची मुळे त्याच्यावर येऊन आडवी वळलेली दिसतील. त्याच्या खालची माती गडद, गार आणि लवचिक असेल, आणि खुरप्याने खपली काढली की तिच्या तिरप्या बाजू साबण फिरवल्यासारख्या चकाकतील. ते चकाकणारे पृष्ठभाग म्हणजे माती दरवर्षी फुगून स्वतःवरच घासली गेल्याची खूण आहे. त्या थरातला गोळा चिमटीत दाबून अंगठ्याने पुढे ढकलत पट्टी काढा. पाच सेंटिमीटरपेक्षा लांब पट्टी न तुटता निघाली तर चिकण कणांचे प्रमाण मोठे आहे आणि मी वर धरलेल्या मर्यादा आपल्या मातीला बऱ्यापैकी लागू आहेत. वरच्या पट्ट्यातल्या मातीची पट्टी बोटाच्या पेरापेक्षा लांब जाणार नाही आणि घासताना कचकच लागेल.

आता जूनच्या पावसाकडे वळू. इथे हिशेब करून पाहिला तर यंत्रावरचा संशय लगेच फिटतो. उन्हाळ्यात काळ्या मातीचा वरचा थर पिकाच्या खालच्या मर्यादेच्याही खाली वाळतो. तो १८ टक्क्यांवर होता असे धरू. वरचे ३० सेंटिमीटर १८ वरून ४२ टक्क्यांपर्यंत भरायला ३०० मिलिमीटरचे २४ टक्के, म्हणजे ७२ मिलिमीटर पाणी लागते. आपल्याकडे पाऊस झाला ६० मिलिमीटर. माती वरून खाली क्रमाने भिजत गेली असती तर पाणी ४५ सेंटिमीटरपर्यंत पोहोचायलाच नको होते. ते पोहोचले याचा अर्थ ते मातीतून गेले नाही, भेगांतून गेले. बेसॉल्टपासून बनलेल्या आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती स्मेक्टाइट प्रकारची, म्हणजे पाणी शोषून फुगणारी आणि वाळून आकसणारी आहे. मे महिन्यात तिच्या भेगा दोन ते पाच सेंटिमीटर रुंद आणि खोल जमिनीत मीटरभर खोल जातात. पहिला जोराचा पाऊस पृष्ठभागावरून या भेगांत ओतला जातो, तळाला साचतो आणि तिथून बाजूच्या मातीत शिरतो. माती खालून आणि बाजूंनी भिजत असते, तेव्हा वरचे ढेकूळ आतून कोरडेच असते.

इथे एक शंका मात्र तपासून पाहावी लागेल. सेन्सर बसवण्यासाठी आपण वरून उभे भोक पाडले असेल आणि ते सैल मातीने भरले असेल, तर ते भोकच एक कृत्रिम भेग झाले असेल. फरक ओळखण्याची खूण आलेखात मिळते. भेगांतून आलेले पाणी आकडा एकदम वर नेते आणि नंतर काही दिवस तो हळूहळू उतरतो, कारण भोवतालची कोरडी माती ते पाणी ओढून घेत असते. भोकात पाणी साचले असेल तर आकडा थेट संपृक्ततेला, म्हणजे सगळी छिद्रे पाण्याने भरल्यावरच्या आकड्याला, चिकटतो आणि पुढच्या प्रत्येक किरकोळ सरीत पुन्हा तसाच उसळतो. पुढच्या वेळी खड्डा घेऊन सेन्सर त्याच्या भिंतीत आडवा खुपसा, सुया न हलता घट्ट बसू द्या आणि खड्डा ज्या क्रमाने माती निघाली त्याच क्रमाने, दाबत भरा.

भेगांची ही सोय टिकत नाही. दोन-तीन चांगले पाऊस झाले की माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन उलटी वागू लागते. जूनमध्ये पाऊस गिळून टाकणारी काळी माती पूर्ण भिजल्यावर तासाला एक-दोन मिलिमीटर पाणीसुद्धा कष्टाने मुरवते. तासाला ३० मिलिमीटरची सर आली तर बहुतेक पाणी वाहून जाते किंवा साचते. हलक्या मातीचा मुरण्याचा वेग वर्षभर फारसा बदलत नाही, काळ्या मातीचा मात्र ऋतूप्रमाणे पार पालटतो. मातीचा पोत कायम राहतो, पण त्या पोतातून मिळणारी छिद्रांची रचना ओलाव्यानेच बदलते, हे एकदा लक्षात आले की काळ्या मातीचे अर्धे वागणे उलगडते.

ऑगस्टमधले ४६ टक्के त्यामुळे समजण्यासारखे आहेत. वरची मर्यादा ४२ असेल आणि सगळी छिद्रे भरल्यावरचा आकडा ५२-५३ असेल, तर ४६ ला मातीत हवेसाठी सहा-सात टक्के जागा उरते. साधारणपणे ती दहा टक्क्यांच्या खाली गेली की बहुतेक पिकांच्या मुळांना प्राणवायू कमी पडू लागतो, आणि सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींना नत्र बांधण्यासाठी तो हवाच असतो. आपले सोयाबीन पिवळे पडले ते पाणी जास्त झाल्यामुळे आणि त्यापायी नत्र कमी पडल्यामुळे. पुष्कळ जण अशा वेळी युरिया टाकतात. पाणी उतरले नाही तर तो युरिया बहुतांशी वायाच जातो.

पण तीन आठवडे? केवळ स्वतःवर पडलेल्या पावसाने खालचा पट्टा इतका वेळ तुडुंब राहणे मला पटत नाही. जड मातीचा निचरा आठवडाभर चालतो हे खरे, तरी तीन आठवडे अडकलेला आकडा सांगतो की कुठून तरी भर पडत होती. माझा अंदाज असा की ती भर आपल्याच वरच्या पट्ट्यातून येत होती. वरची माती दोन दिवसांत २४ वर येते, म्हणजे तिच्यातले जादा पाणी लवकर खाली उतरते. त्याच्या खालचा मुरूम मोकळा, फुटलेला असेल तर ते पाणी सरळ खोल जाते आणि विहिरीला लाभते. मुरमाखाली अभंग पाषाण उथळ असेल तर पाणी पाषाणावरून उताराच्या दिशेने सरकते आणि काळ्या मातीच्या तोंडाशी येऊन अडते, कारण ती त्याला वाट देत नाही. दोन्ही मातींची सीमा जिथे आहे तिथे पाऊस थांबल्यावर चार-पाच दिवसांनी चालून पाहा. पाय रुतत असतील, गवत अवाजवी हिरवे असेल किंवा उताराच्या आडव्या रेषेत पाझर फुटलेला दिसत असेल, तर माझा अंदाज बरोबर आहे आणि उपायही त्याच रेषेवर करायचा आहे.

आपण ज्यांच्याशी बोललात त्यांनी खालच्या पट्ट्यात चर खणायला सांगितले आहे. मी आधी वर, सीमेच्या रेषेवर, उताराला आडवा पण नाल्याकडे किंचित ढाळ दिलेला चर खणेन, मुरमाच्या किंवा पाषाणाच्या थरापर्यंत. ज्या मातीतून पाणी तासाला मिलिमीटरने सरकते तिथला चर दोन्ही बाजूंच्या हातभर जमिनीपलीकडे फारसे काही ओढून घेत नाही. पाणी तिथे पोहोचण्याआधीच अडवणे स्वस्त पडते. खालच्या पट्ट्यात पृष्ठभागावरचे पाणी काढण्यासाठी रुंद वरंबा-सरी करावी. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने ही पद्धत काळ्या जमिनींसाठी विकसित केली आणि इंदूरची सोयाबीन संशोधन संस्थाही तिचा पुरस्कार करते. त्यामागचे तत्त्व सरळ आहे. मातीचा आतला निचरा सुधारणे अवघड असेल, तर निदान मुळांचा वरचा वीतभर भाग पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा.

इथवरचे एकत्र ठेवतो, म्हणजे पुढचे सोपे जाईल. पहिल्या पावसात भेगांचे चालले, म्हणजे घडणीचे. भर पावसाळ्यात उताराचे आणि खालच्या थराचे चालले, कारण माती भरलेली असताना पाणी आडवे प्रवास करू शकते. हिवाळ्यात पोताचे आणि मुळांचे चालले, कारण तेव्हा आडवा प्रवास बंद होतो आणि प्रत्येक जागा आपापल्या साठ्यावर जगते. हा बदल केवळ आपल्याकडचा नाही. ऑस्ट्रेलियातल्या टॅरावारा या छोट्या पाणलोटात जलशास्त्रज्ञ ग्रेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोजणीतून १९९७ मध्ये हेच मांडले गेले: ओल्या काळात ओलाव्याचा नकाशा उताराच्या आणि ओहोळांच्या रेषांप्रमाणे दिसतो, कोरड्या काळात त्या रेषा पुसल्या जातात आणि जागोजागची माती आणि वनस्पती नकाशा ठरवतात. आपल्याकडे हा पालट पावसाळ्याने आखून दिल्यासारखा होतो. इंदूरच्या परिसरात वर्षाचा सुमारे ९५० मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि ऑक्टोबरपासून जमीन एकट्या साठ्यावर येते.

मधल्या पट्ट्याविषयी आपण जाता जाता लिहिले आहे की तिथला आलेख सर्वांत गुळगुळीत आहे, म्हणजे चढतोही बेताने आणि उतरतोही बेताने. त्याकडे दुर्लक्ष करू नका. तिथे वर्षानुवर्षे शेण आणि पालापाचोळा पडला आहे. आपल्या भागातल्या जमिनींचा सेंद्रिय कर्ब बहुधा अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या आसपास आढळतो, तिथे तो दुप्पट निघाला तरी मला नवल वाटणार नाही. खताने माती पाणी धरते हे सर्वश्रुत आहे, पण किती, याबाबत जरा अतिशयोक्ती चालते. मृदाशास्त्रज्ञ मिनास्नी आणि मॅक्‌ब्रॅटनी यांनी जगभरातल्या अभ्यासांचे २०१८ मध्ये जे विश्लेषण केले त्यानुसार सेंद्रिय कर्ब एक टक्क्याने वाढला तर पिकाला मिळणारे पाणी सरासरी १०० मिलिमीटर मातीमागे एक मिलिमीटरपेक्षा थोडेच अधिक वाढते. वाळूसर मातीत जास्त, चिकण मातीत कमी. म्हणजे साठा वाढतो, पण फार नाही.

माझ्या अनुभवात खताचा मोठा लाभ साठ्यापेक्षा येण्याजाण्याच्या वाटांत आहे. कर्बामुळे मातीचे कण रवाळ गोळ्यांत बांधले जातात. सर पडली की ते फुटत नाहीत, पृष्ठभागावर पापुद्रा धरत नाही, पाणी आत शिरते आणि जादा पाणी निघूनही जाते. काळ्या मातीत यामुळे वाफसा दोन-चार दिवस आधी येतो, आणि रब्बीच्या पेरणीत दोन-चार दिवस म्हणजे किती हे आपण जाणताच. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत, जिथे आज कृषी महाविद्यालय आहे, कंपोस्टची जी इंदूर पद्धत बसवली ती याच काळ्या मातीवर. तिचा उगम आपल्या घरच्या आवारात असूनही आपल्याकडे शेण उन्हात ढिगाने वाळत टाकले जाते, याची मला खंत वाटते. आपण खत तिन्ही पट्ट्यांत सारखे पसरण्याऐवजी आधी वरच्या पट्ट्यात टाका, तिथे साठ्याचाही लाभ होईल. खालच्या पट्ट्यात ते दुसऱ्या क्रमांकाने द्या, निचऱ्यासाठी.

वरच्या पट्ट्याचा साठा खरोखर किती तोकडा आहे हेही पाहून घ्या. १३ टक्के ओलावा बारीक मातीचा आहे. थरात तीस टक्के दगडगोटे असतील तर प्रत्यक्षात तो नऊ टक्क्यांवर येतो. माती ३० सेंटिमीटर खोल असेल तर एकूण साठा सुमारे २७ मिलिमीटर झाला. खालच्या पट्ट्यात तेवढ्याच खोलीत ५१ मिलिमीटर आहे आणि मुळे ९० सेंटिमीटरपर्यंत गेली तर तीनपट. जानेवारीतला गहू दिवसाला सुमारे तीन मिलिमीटर पाणी वापरतो असे धरले आणि साठा निम्मा संपल्यावर पाणी द्यायचे ठरवले, तर वरच्या पट्ट्याला चार-पाच दिवसांनी थोडे थोडे पाणी हवे. खालच्या पट्ट्याला वरच्या ३० सेंटिमीटरपुरते आठ दिवसांनी, आणि मुळे खोल असतील तर तीन आठवड्यांहूनही अधिक काळाने. दोन्हीकडे एकाच दिवशी सारखेच तास तुषार चालवले, तर वरचे पाणी मुरमात उतरून जाते. पाण्याची इतकी ओढाताण असेल तर वरच्या पट्ट्यात लोकवन गव्हाचा हट्ट न धरता हरभरा घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

सेन्सरवर तूर्त अशा खुणा करून ठेवा: खालच्या पट्ट्यात १५ सेंटिमीटरवर ३३ ते ३४ टक्के आणि वरच्या पट्ट्यात १७ ते १८ टक्के, म्हणजे दोन्हीकडे निम्मा साठा संपलेला. खाली ३३ च्याही खाली जाऊ दिले तर भेगा रुंदावतात, मग दिलेले पाणी वरचा थर न भिजवता भेगांतून निसटते आणि भेगांच्या भिंतींतून बाष्पीभवनही चालू राहते. गव्हात एरवी कोळपणी कोणी करत नाही, पण हरभऱ्यात हलकी कोळपणी करून भेगांची तोंडे बुजवल्याने ओल टिकते. मुकुटमुळे फुटण्याच्या सुमारास, पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी, मात्र सेन्सर काहीही सांगो, वरची माती ओलसर असलीच पाहिजे.

या खुणा तात्पुरत्या आहेत, कारण त्या मी धरलेल्या मर्यादांवर बेतल्या आहेत. खऱ्या मर्यादा मिळवण्यासाठी प्रयोगशाळा हवीच असे नाही. पावसाळ्यात जोराचा पाऊस थांबल्यावर वरच्या पट्ट्यात दोन-तीन दिवसांनी आणि खालच्या पट्ट्यात आठवड्याने आकडा जिथे स्थिरावतो ती वरची मर्यादा समजा. उन्हाळ्यापूर्वी पीक उभे असलेल्या कोपऱ्यात पाणी न देता गहू पहाटेसुद्धा सावरत नाही त्या दिवशीचा आकडा खालच्या मर्यादेजवळचा समजा. दुपारी पाने वळणे पुरेसे नाही, पहाटे पाहावे. सेन्सरचा टक्का खरा आहे का हे पाहायचे असेल, तर ठराविक घनफळाच्या नळीने मातीचा नमुना काढून, तो १०५ अंश सेल्सिअसला चोवीस तास वाळवून, वजनातल्या फरकावरून टक्का काढावा. काळ्या मातीत हे ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही अवस्थांत करावे लागते, कारण वाळताना ती आकसून अधिक घट्ट होते. शिवाय चिकणमाती आणि क्षार सेन्सरच्या विद्युत मोजणीला फसवतात आणि आकडा वर दाखवतात, म्हणून कारखान्यात ठरवून दिलेले सेन्सरचे मोजमाप मी या मातीत कधी जसेच्या तसे मानत नाही.

खालच्या पट्ट्याच्या मातीचा सामू (पीएच) आणि विनिमयक्षम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेले, सोडियम एकदा तपासून घ्या. बोअरचे पाणी वर्षानुवर्षे दिले असेल तर जमीन चोपण होण्याचा संभव असतो. अशी माती ओली झाली की तिचे कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात. तसे निघाले तर वर सांगितलेल्या निचऱ्याच्या उपायांबरोबर जिप्समही लागेल, आणि किती ते अहवालावरूनच ठरेल.

शेवटी आपण विचारले आहे की पाचवा सेन्सर घ्यावा का आणि कुठे बसवावा. शेतातल्या जागांचा क्रम, म्हणजे कोणती जागा सरासरीपेक्षा ओली आणि कोणती कोरडी, बहुधा बराच काळ टिकून राहतो, असे वाशो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवले. त्यामुळे काही जागा अशा सापडतात की त्यांचा आकडा सगळ्या शेताच्या सरासरीबरोबर चालतो, आणि मोठ्या शेतात तिथे एक सेन्सर पुरतो. आपल्या शेतात मात्र दोन टोकांच्या माती इतक्या वेगळ्या आहेत की सरासरीला काही अर्थ नाही. मधल्या पट्ट्याचा आकडा सरासरीच्या जवळ आला तरी त्यावरून ना वर पाणी देता येईल, ना खाली. म्हणून नवीन सेन्सर घेण्याआधी मधला काढा आणि वरच्या पट्ट्यात ३० सेंटिमीटरवर, मुरूम सुरू होतो तिथे बसवा. पाणी दिल्यावर तो आकडा उसळला, तर पाणी मुळांच्या खाली निसटले असे समजून पुढच्या पाळीला तुषार थोडा वेळ आधी बंद करा. पाचवा घ्यायचाच असेल तर तो सीमेच्या रेषेच्या जरा खाली, काळ्या मातीत ४५ सेंटिमीटरवर जूनपूर्वी बसवा. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी तिथला आकडा चढतच राहिला, तर वरून पाझर येतो हे नक्की झाले आणि चर खणायला घ्या. तो उतरू लागला तर माझा पाझराचा अंदाज बाजूला ठेवून आधी सोडियमचा अहवाल पाहा.